विद्यार्थ्यांची मनोगते, वॉर्डातील टिपणे आणि प्लेगचे दप्तर : मेडिकल ह्युमॅनिटीजमध्ये संशोधन कुठून सुरू करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या डॉक्टरांकडे गेल्या काही वर्षांत तीन प्रकारची सामग्री जमली आहे. एटकॉमच्या (वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद या विषयांच्या) तासांनंतर विद्यार्थ्यांनी लॉगबुकात लिहिलेली मनोगते, आपल्या वॉर्डातील रुग्णांविषयी त्यांनी स्वतः वेळोवेळी केलेली टिपणे, आणि १८९७ च्या सुमारास त्यांच्या शहरात आलेल्या प्लेगविषयी नगरपालिकेच्या जुन्या दप्तरातील कागदांची त्यांनी परवानगीने काढलेली छायाचित्रे. या सगळ्यांतून मेडिकल ह्युमॅनिटीज, म्हणजे वैद्यकाकडे साहित्य, इतिहास, नीतिशास्त्र अशा मानव्यविद्यांच्या नजरेने पाहणारे क्षेत्र, या विषयावर एक शोधनिबंध लिहावा असे त्यांच्या मनात आहे. कोणत्या परिषदेत तो मांडावा, कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा आणि पदोन्नतीसाठी तो धरला जाईल का, असे त्यांनी विचारले आहे. विभागातील वरिष्ठांनी ‘पण यात डेटा कुठे आहे?’ असा प्रश्न केल्यामुळे याला संशोधन म्हणता येते का, अशीही शंका त्यांना पडली आहे.

मी रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवतो. या क्षेत्रातील हस्तलिखिते तपासण्याचे आणि विद्यार्थ्यांच्या अशा कामाला मार्गदर्शन करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की अडचण परिषद किंवा नियतकालिक निवडण्याची नाही. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या अभ्यासांची सामग्री आहे. प्रत्येकीची पद्धत वेगळी, लागणारी परवानगी वेगळी आणि वाचकही वेगळा आहे. तिन्ही एका निबंधात बसवायला गेलात, तर शिक्षणशास्त्राचा परीक्षक म्हणेल की मूल्यमापन अपुरे आहे, इतिहासाचा परीक्षक म्हणेल की साधनांची छाननी झालेली नाही, आणि ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचणार नाही. म्हणून आधी तिन्हींची फारकत करा. नियतकालिकाचे नाव त्यानंतर जवळजवळ आपोआप ठरते.

तुमच्या वरिष्ठांचा प्रश्न मी गंभीरपणे घेतो, कारण तो चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे. वैद्यकशास्त्रात डेटा म्हणजे मोजलेले काहीतरी, अशी आपली सवय असते. मेडिकल ह्युमॅनिटीजमध्ये पत्र, दप्तरातील नोंद, मुलाखत, छायाचित्र, विद्यार्थ्याचे मनोगत हीसुद्धा साधनेच आहेत. मात्र ती कशी निवडली, कशी वाचली आणि त्यांतून कोणता दावा सिद्ध होतो, हे तितक्याच काटेकोरपणे सांगावे लागते. हे क्षेत्र नवेही नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या हर्शी येथील वैद्यकीय महाविद्यालयात १९६७ मध्येच मानव्यविद्यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. ‘लिटरेचर अँड मेडिसिन’ हे नियतकालिक १९८२ पासून निघते, तर बीएमजे समूहाचे ‘मेडिकल ह्युमॅनिटीज’ २००० पासून. आपल्याकडे मुंबईतून १९९३ मध्ये एका छोट्या पत्रिकेच्या रूपाने सुरू झालेले ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ आजही निघते आहे. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये २००९ मध्ये मेडिकल ह्युमॅनिटीजचा गट उभा राहिला आणि २०१४ पासून त्या गटाचे ‘रिसर्च अँड ह्युमॅनिटीज इन मेडिकल एज्युकेशन’ हे ऑनलाइन नियतकालिक सुरू झाले.

वरिष्ठांना पटवायचे असेल, तर परदेशी उदाहरणांपेक्षा गडचिरोलीचे उदाहरण मी पुढे करीन. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अनेक स्त्रीरोग असल्याचे आढळले. ही आकडेवारी जगभर उद्धृत होते. पण ज्या आजारांविषयी बाई घरातही बोलत नाही, त्यांच्या तपासणीला गावातल्या स्त्रिया तयार होण्यासाठी आधी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, त्यांच्या समजुती आणि त्यांचे शब्द समजून घ्यावे लागतात, याचा विचार आकडेवारीसोबत फारसा होत नाही. ऐकण्याचे ते कामसुद्धा पद्धतशीरपणे करता येते, नोंदवता येते आणि तपासता येते. तुमच्या वरिष्ठांना हे दाखवा. बहुधा तो प्रश्न पुन्हा निघणार नाही.

आता सामग्रीकडे वळू. विद्यार्थ्यांच्या मनोगतांविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या क्षेत्रात आपल्याकडे सर्वाधिक लेखन याच वाटेने येते आणि सर्वाधिक लेखन परतही याच वाटेवरून जाते.

२०१९ मध्ये प्रवेश घेतलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपासून क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यासोबत वृत्ती, नीतिमूल्ये व संवाद या विषयांची एटकॉमची २७ प्रकरणे देशभरातील महाविद्यालयांत आली. पहिल्याच वर्षात ‘डॉक्टर असणे म्हणजे काय’, ‘रुग्ण असणे म्हणजे काय’ आणि ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ अशी प्रकरणे आहेत. मनोगते लिहून घेण्याची सोय झाल्यामुळे महाविद्यालयांच्या कपाटांत अशा लॉगबुकांच्या थप्प्या साठल्या आहेत, आणि तेवढ्यावरून अनेक शिक्षकांना वाटते की संशोधनाची सामग्री तयार आहे.

ती तशी तयार नसते. ही मनोगते गुणांच्या आणि सहीच्या दडपणाखाली लिहिलेली असतात. शिक्षकाला काय वाचायला आवडेल हे विद्यार्थी ओळखून असतात. ‘या सत्रातून मला सहानुभूतीचे महत्त्व समजले’ हे वाक्य एकामागून एक वह्यांत जवळजवळ त्याच शब्दांत भेटते. त्यावरून ‘सत्रामुळे सहानुभूती वाढली’ असा निष्कर्ष काढणारा निबंध माझ्याकडे तपासायला आला, तर मी तो परत करतो. मात्र त्याच थप्पीत एखादी वही निराळी निघते. माझ्या एका विद्यार्थिनीने शरीररचनाशास्त्राच्या तासाविषयी लिहिले होते की मृतदेहाच्या मनगटावर गोंदण दिसले, तसलेच गोंदण तिच्या आजीच्या हातावर होते, आणि त्या दिवशी तिने हात मागे घेतला. शेजारच्या मुलाला ते कळले आणि काही न विचारता त्याने तिचे काम केले. हे मी तिच्या परवानगीने आणि एक-दोन तपशील बदलून येथे देत आहे. या चार ओळींत अभ्यासाचे कितीतरी प्रश्न दडलेले आहेत. मृतदेहाला शिक्षक म्हणायचे आणि त्याच वेळी त्याच्याकडे नमुना म्हणून पाहायचे, या दोन गोष्टी विद्यार्थी एकत्र कशा सांभाळतात? ते एकमेकांना कसे सावरतात, आणि ते सावरणे शिक्षकांना दिसत का नाही? असा एक प्रश्न हाती धरून शंभर वह्या वाचल्या, तर निबंध होतो. नुसत्या शंभर वह्यांचा सारांश काढून तो होत नाही.

त्यासाठी प्रथम इन्स्टिट्यूशनल एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे जा. ‘मनोगते तर आधीच लिहिलेली आहेत, मग परवानगी कशाला?’ असे तुम्हाला कोणी सुचवील, पण ते ऐकू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत, वरिष्ठ-कनिष्ठ संबंधामुळे ज्यांच्या संमतीवर दडपण येऊ शकते अशा व्यक्तींबाबत विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे, आणि शिक्षकासमोरचा विद्यार्थी याहून वेगळा नसतो. माझी रीत अशी आहे. ज्या तुकडीचे गुण लागून झाले आहेत, तीच घ्यायची. संमती मी स्वतः मागत नाही. त्या विद्यार्थ्यांना न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला ते काम देतो. कोणी होकार दिला आणि कोणी नकार, हे मला कळत नाही. नावे काढलेल्या प्रतीच माझ्या हाती येतात. कमिटी कदाचित तुमचा अर्ज पूर्ण बैठकीत न घेता त्वरित तपासणीत घेईल, पण तो निर्णय कमिटीचा असतो, आपला नव्हे.

विश्लेषणासाठी व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडलेली थीमॅटिक अ‍ॅनॅलिसिसची, म्हणजे मजकुरातून अर्थाची समान सूत्रे (थीम) शोधण्याची पद्धत बहुतेक जण वापरतात आणि नवख्याला ती झेपतेही. पण थीम वह्यांत ठेवलेल्या नसतात, त्या वाचणारा घडवतो; म्हणून वाचणारे कोण, त्यांचे विद्यार्थ्यांशी नाते काय आणि मतभेद कसे मिटवले, हे निबंधात लिहावेच लागते. मुलाखतीही घेणार असाल, तर मुलाखतींवर आधारित अभ्यासात काय काय नमूद करावे हे सांगणारी २००७ ची कोरेक यादी समोर ठेवा. तिच्यातील ३२ मुद्दे लिहून झाल्यावर भरण्यासाठी नाहीत. आराखडा करतानाच ते वाचले, तर पुढचे बरेच श्रम वाचतात.

एक मोह टाळा, तो म्हणजे सत्रापूर्वी आणि सत्रानंतर सहानुभूती मोजण्याचा. त्यासाठी वापरले जाणारे जेफरसन स्केल ही २० विधानांची, सात पायऱ्यांची प्रश्नावली आहे, आणि ती विद्यार्थी स्वतःविषयी काय म्हणतो एवढेच सांगते. कवितावाचनाचे एक सत्र झाल्यावर आठवड्याभरात गुण थोडे वाढले, तर त्याचा अर्थ विद्यार्थ्याला काय अपेक्षित आहे हे कळले, इतकाही असू शकतो. वॉर्डात रात्री दोन वाजता तो रुग्णाशी कसा बोलतो, हे त्या आकड्यात येत नाही. मोजायचेच असेल, तर तुलनेसाठी दुसरा गट घ्या, काही महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि शक्य असल्यास रुग्णांना किंवा परिचारिकांना विचारा. हे सगळे तुमच्या महाविद्यालयात जमण्यासारखे आहे की नाही, ते मनुष्यबळावर अवलंबून आहे. जमत नसेल, तर मोजू नका. मनोगतांचे नीट वाचन हे अर्धवट मोजणीपेक्षा खूप मोलाचे काम आहे.

दुसरी सामग्री म्हणजे वॉर्डातील टिपणे. हे संशोधन नाही, आणि ते तसे नसल्याने त्याचे मोल कमी होत नाही. डॉक्टरांच्या अनुभवलेखनाला मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत मानाची जागा आहे. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाचे असे सदर १९८० पासून चालू आहे. हे लेख साधारण हजार-दीड हजार शब्दांचे असतात, त्यांत संदर्भांची जंत्री नसते, आणि एक प्रसंग नीट दाखवून त्यातून उभा राहणारा एक प्रश्न वाचकासमोर ठेवणे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते. या क्षेत्रातील पुष्कळ चांगले शिक्षक अशा लेखनापासूनच सुरुवात करतात.

अडचण संमतीची आहे. नाव बदलले की झाले, असा समज सर्वत्र आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तो विशेष धोक्याचा आहे. पोळ्याच्या दिवशी सर्पदंश होऊन आलेला, अमुक तालुक्यातील एका गावचा माजी सरपंच, इतके लिहिले की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. तालुक्यातील प्रत्येकाला तो कोण ते समजते. म्हणून ओळख पटण्याजोगा तपशील असेल, तर लेखी संमती घ्यावी आणि रुग्ण हयात नसेल, तर जवळच्या नातेवाइकांची घ्यावी. बहुतेक प्रतिष्ठित नियतकालिके ती मागतातही. वॉर्डात भरती असताना मात्र ही संमती मागू नये, कारण त्या वेळी रुग्णाला नकार देण्याचे धैर्य होत नाही. सुट्टी झाल्यावर, फेरतपासणीचीही निकड संपल्यावर मागावी.

आणि सही घेण्यापूर्वी लेख रुग्णाला मराठीतून वाचून दाखवावा. लेख इंग्रजीत असला, तरी त्याचा आशय मराठीत सांगावा, आणि अक्षरओळख नसलेल्या माणसालाही तो ऐकण्याचा तितकाच अधिकार आहे, हे धरून चालावे. यातून संमती खरी ठरते, शिवाय लेखनही सुधारते. एका प्रौढ स्त्रीला तिच्याविषयीचा मजकूर वाचून दाखवला, त्यात निदान ऐकून ती रडली असे लिहिले होते. ती शांतपणे म्हणाली, ‘मी रडले नव्हते डॉक्टर, मला राग आला होता. तुम्ही माझ्याकडे न बघता माझ्या पोराला सांगत होता.’ लेखाचा विषयच त्या एका वाक्याने बदलला. आधी तो वाईट बातमी सांगण्याच्या कौशल्याविषयी होता. नंतर, घरातील पुरुष नातेवाईक समोर आला की रुग्ण स्त्रीला आपण कसे वगळतो, याविषयी झाला. तुमच्या टिपणांतील किमान दोन तरी अशी निवडा की ज्यांतील व्यक्तीपर्यंत तुम्हाला आज पोहोचता येईल, आणि तेथून सुरुवात करा. ज्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही, त्यांची टिपणे स्वतःपुरती ठेवा.

तिसरी सामग्री मला सर्वांत आशादायक वाटते, कारण ती बहुधा तुमच्याखेरीज कोणाकडे नाही.

मुंबई आणि पुण्याच्या प्लेगवर पुष्कळ लिहिले गेले आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, ज्याचा आधार आपण २०२० मध्ये पुन्हा घेतला. पुण्यात घरझडत्या झाल्या, लोकांना छावण्यांत हलवले गेले, आणि २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. डेव्हिड अर्नोल्ड, मृदुला रामण्णा अशा इतिहासकारांनी या काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यामुळे ‘आमच्या शहरातही प्लेग आला होता’ एवढे सांगणाऱ्या निबंधाला जागा नाही. तुमच्या दप्तरातून मुंबई-पुण्याच्या चित्रात कोणता बदल होतो, हा तुमचा प्रश्न असला पाहिजे.

तो कसा शोधायचा, हे एका उदाहरणाने सांगतो. पुण्याच्या प्लेगची जी कथा शाळेत शिकवली जाते, तिच्यात एका बाजूला जुलमी सरकार आणि दुसऱ्या बाजूला संतप्त जनता असते. साधने वाचली की चित्र गुंतागुंतीचे होते. ‘केसरी’तून सरकारी पद्धतींवर कठोर टीका करणाऱ्या टिळकांनीच प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदू रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. पंडिता रमाबाईंनी प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीविषयी १८९७ मध्ये जाहीर पत्र लिहिले. त्यांची तक्रार राजकीय हक्कांपेक्षा स्त्रियांच्या सुरक्षिततेची होती. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. म्हणजे उपचार कोणी करायचे, कोणाच्या हातचे घ्यायचे आणि आजारी माणसाला घरातून कोण बाहेर काढू शकते, याविषयी त्या काळी एकाच शहरात अनेक भूमिका होत्या. तुमच्या नगरपालिकेच्या कागदांत छावणीतील स्वयंपाकी, भंगी, दाया, वैद्य यांच्या नेमणुका आणि पगार असतील, घरे रिकामी केल्याबद्दलच्या तक्रारी असतील, तर त्यांच्याआधारे विचारता येईल की जिल्ह्याच्या शहरात, जेथे सैनिकांच्या तुकड्या नव्हत्या किंवा कमी होत्या, तेथे विलगीकरण प्रत्यक्षात कोणी राबवले आणि त्याची किंमत कोणी मोजली. हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि गेल्या काही वर्षांत विलगीकरण कक्षात काम केलेल्या डॉक्टरने तो विचारला, तर त्याला वेगळी धार येते.

सोबतची साधने आज घरबसल्या मिळतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिशकालीन भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे सरकारी अहवाल संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, त्यांत प्लेगचेही आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये मुंबईच्या प्लेगची छायाचित्रे पाहता येतात. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागाराला मात्र प्रत्यक्षच भेट द्यावी लागेल. तुमचा कल आरंभीच्या स्त्री डॉक्टरांकडे असेल, तर आनंदीबाई जोशींविषयीची कागदपत्रे आणि छायाचित्रे फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १८८६ च्या पदवीसाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला होता, आणि तो प्रबंध आजच्या प्रसूतितज्ज्ञाने वाचावा असे मला फार वाटते. पण हे झाले माझे आकर्षण. तुम्ही प्लेगवरून लक्ष ढळू देऊ नका.

एक अट आहे. हे काम एकट्याने करू नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा हवा, आणि वाचता येत असले तरी इतिहासाचे प्रशिक्षण घेतलेला सहकारी हवा. सरकारी अहवालातील ‘लोकांनी सहकार्य केले’ हे वाक्य तसेच्या तसे खरे धरायचे नसते. ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले हे आधी पाहायचे असते. रुग्णाचा इतिहास घेताना आपण सांगणाऱ्याची भूमिका लक्षात घेतोच, त्यामुळे हे तुम्हाला परके वाटणार नाही, पण त्याची शिस्त वेगळी आहे आणि ती शिकावी लागते. तुमच्या शहरातील वरिष्ठ महाविद्यालयात इतिहासाचा विभाग असेलच. तेथील प्राध्यापकांना भेटा आणि तुमची छायाचित्रे दाखवा.

परिषदांविषयी. मुंबईतील ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’च्या पुढाकाराने २००५ मध्ये पहिली राष्ट्रीय बायोएथिक्स परिषद मुंबईतच भरली आणि त्यानंतर ती वेगवेगळ्या शहरांत भरत आली आहे. डॉक्टर, वकील, समाजशास्त्रज्ञ, कार्यकर्ते एकत्र बसतात असे आपल्याकडील हे मोजक्यांपैकी एक ठिकाण आहे. विद्यार्थ्यांच्या मनोगतांवरील काम वैद्यकीय शिक्षणाच्या परिषदांत चांगले स्वीकारले जाते. ब्रिटन आणि आयर्लंडमधील असोसिएशन फॉर मेडिकल ह्युमॅनिटीजची वार्षिक परिषद इतिहासाच्या आणि साहित्याच्या कामासाठी योग्य आहे. मात्र प्रवासाचा आणि नोंदणीचा खर्च पाहता, ऑनलाइन सहभागाची सोय आहे का, शुल्कात सवलत आहे का, हे आधी पत्र लिहून विचारावे. असे विचारण्यात संकोच करू नये. आयोजक पुष्कळदा मदत करतात.

परिषदेकडून काय घ्यायचे, याची अपेक्षा आधी ठरवा. सादरीकरणाचे प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फाइलीत जाईल, पण खरा उपयोग असतो तो सादरीकरणानंतर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा. म्हणून पूर्ण झालेले काम नेण्यापेक्षा, सामग्री वाचून झाली आहे आणि दावा घडतो आहे, अशा टप्प्यावर जा. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये (परिषदेकडे आधी पाठवायच्या सारांशात) ‘या निबंधात प्लेगविषयी चर्चा केली जाईल’ असे लिहू नका. तुमचे म्हणणे काय आहे ते पहिल्या दोन वाक्यांत सांगा, आणि कोणत्या कागदांच्या आधारे, ते तिसऱ्यात. निवडसमितीत असताना मी पाहिले आहे की विषय सांगणारे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बाजूला पडतात आणि दावा करणारे, मग तो वादग्रस्त का असेना, चर्चेत राहतात.

नियतकालिकांची निवड आता सोपी झाली असेल. मनोगतांचा अभ्यास दिल्लीच्या गटाच्या नियतकालिकाकडे किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या एखाद्या नियतकालिकाकडे जाऊ शकतो. वॉर्डातील लेख ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’कडे जाऊ शकतात, कारण तेथे अनुभवलेखन आणि नैतिक प्रश्न यांना एकत्र स्थान आहे. प्लेगवरील निबंध बीएमजेच्या ‘मेडिकल ह्युमॅनिटीज’कडे किंवा वैद्यकीय इतिहासाच्या नियतकालिकाकडे पाठवा. वैद्यकीय लेख तीन हजार शब्दांत संपतो, तर मानव्यविद्यांतील निबंध सहा ते आठ हजार शब्दांचा असणे नेहमीचे आहे आणि त्याच्या परीक्षणालाही अधिक काळ लागतो. तेव्हा पदोन्नतीच्या मुलाखतीच्या तारखेवर डोळा ठेवून तो लिहू नका. पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे मागील दोन वर्षांचे अंक चाळा. आठवड्याभरात स्वीकृतीची हमी देणारी आणि शुल्काचा आकडा शेवटी सांगणारी निमंत्रणे ई-मेलवर येत राहतील, त्यांना उत्तरच देऊ नका.

पदोन्नतीसाठी काय धरले जाईल, हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि येथे मी ठाम उत्तर देणार नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे शिक्षकांच्या अर्हतेविषयीचे नियम वेळोवेळी बदलले आहेत. लेख कोणत्या प्रकारचा आहे, नियतकालिक कोणत्या सूचीत आहे आणि लेखकांत तुमचा क्रम कितवा आहे, या तिन्ही गोष्टी त्यांत पाहिल्या जातात. अर्ज करण्याच्या वेळी लागू असलेला नियम महाविद्यालयाच्या आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. सर्वसाधारणपणे मनोगतांचा अभ्यास मूळ संशोधन म्हणून धरला जाण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे, वॉर्डातील अनुभवलेखाची सर्वांत कमी. पदोन्नती जवळ आली असेल, तर मनोगतांपासून सुरुवात करा. ती दूर असेल, तर मी प्लेगचे काम आधी हाती घेईन, कारण नगरपालिकेचे दप्तर दमट खोलीत फार काळ टिकत नाही आणि अशा खोल्या रिकाम्या करण्याचे आदेश कधी निघतील ते सांगता येत नाही. काढलेल्या छायाचित्रांच्या दोन प्रती आजच वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, प्रत्येक कागदासमोर त्याचा बस्ता, वर्ष आणि पान लिहा, आणि छायाचित्रे प्रसिद्ध करण्याची परवानगी मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी मागून ठेवा. पाहण्याची परवानगी आणि छापण्याची परवानगी या वेगळ्या असतात. इतिहासाच्या सहकाऱ्यांसोबत काम सुरू होईल, तेव्हा लेखकांचा क्रम पहिल्याच बैठकीत ठरवा. त्यांच्या विषयात एकट्याने लिहिण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडे सहा-सात नावे असतात, त्यामुळे हे बोलणे लांबवले की पुढे दोघांनाही जड जाते.